नळातून वसूल होणारा कर

मराठवाड्यातील बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या एखाद्या गावात कार्यकर्ता मुक्कामाला गेला की जेवणाच्या पंगतीत घरची बाई वरण वाढताना एक वाक्य हमखास बोलते : "आमच्या पाण्यात डाळ शिजत नाही हो." हे वाक्य ती अपराधी स्वरात उच्चारते, जणू दोष तिच्या हाताचा किंवा तिच्या चुलीचा आहे. वस्तुतः दोष तिचा नाही, चुलीचा नाही आणि डाळीचाही नाही. दोष पाण्याचा आहे. आणि पाण्याचा हा दोष केवळ निसर्गाचा नसून बऱ्याच अंशी राज्यकर्त्यांच्या धोरणाचा आहे, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

हा विषय बैठकीत काढला की आपल्यातीलच काही साथी हसतात. गिझरची कॉइल जळते, धुलाई यंत्रात क्षार चढतात, नळाच्या तोट्यांवर पांढरी पुटे जमतात, या तक्रारी सुखवस्तू मध्यमवर्गाच्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. ज्या प्रांतात बाया हंडाभर पाण्यासाठी मैल मैल चालतात, तेथे पाण्याच्या जडपणाची चर्चा करणे म्हणजे उपाशी माणसापुढे ताटाच्या नक्षीवर बोलण्यासारखे आहे, असेही ऐकावे लागते. ही टीका प्रामाणिक आहे, परंतु ती चुकीची आहे. कारण ती करणाऱ्याने आज कष्टकऱ्याच्या घरात काय काय आहे ते पाहिलेले नाही.

बांधकाम मजुराच्या पत्र्याच्या खोलीत गिझर नसेल. पण बादलीत सोडायचा पाणी तापविण्याचा रॉड आहे. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून हप्त्याने घेतलेला कूलर आहे. चार घरची धुणी करून हात फुटलेल्या बाईने जुन्या बाजारातून घेतलेले धुलाई यंत्रही आता अनेक घरांत दिसते. नाक्यावरच्या चहावाल्याचे पातेले आहे, इस्त्रीवाल्याची वाफेची इस्त्री आहे. जड पाणी या सर्वांवर सारखेच चढते. त्याला वर्गभेद कळत नाही. फरक पडतो तो नंतर. सुखवस्तू घरात कॉइल जळली तर कारागिराला फोन जातो. मजुराच्या घरात रॉड जळला तर पुढच्या शनिवारच्या पगारापर्यंत थांबावे लागते, आणि कूलर बंद पडला तर त्याचे उरलेले हप्ते मात्र चालूच राहतात.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात. ज्यात साबणाला सहजी फेस येत नाही ते दुष्फेन, येतो ते सुफेन. पावसाचे पाणी सुफेन असते. ते जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायॉक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवीत खाली जाते. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग ज्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे, त्यात या दोन्ही मूलद्रव्यांची खनिजे मुबलक आहेत. पाणी खडकाच्या सहवासात जितके अधिक काळ राहील आणि जितके अधिक खोलवरून उपसले जाईल, तितके ते सर्वसाधारणपणे अधिक जड. असे पाणी तापविले की विरघळलेला वायू निघून जातो, आणि त्याच्या आधाराने पाण्यात राहिलेला चुना बाहेर पडून तापलेल्या धातूवर बसतो. रॉडवर दिसणारे पांढरे कवच म्हणजे हाच चुना. तो उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे आतली उष्णता पाण्यात वेळेवर जात नाही. तार प्रमाणाबाहेर तापते आणि एके दिवशी तुटते. कूलरमध्ये पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. दोन उन्हाळ्यांत गवती जाळ्या दगडासारख्या होतात आणि पंप अडकतो. चुलीवरच्या भांड्याच्या बुडाशी थर चढला की तेवढेच पाणी तापविण्यास अधिक गॅस, अधिक सरपण लागते. आणि डाळीच्या सालीत व गरात पेशींना बांधून ठेवणारे जे द्रव्य असते, ते कॅल्शियमने अधिक घट्ट होते. म्हणून डाळ शिजत नाही.

आता थोडा हिशेब मांडू. भारतीय मानक संस्थेने २०१२ साली पिण्याच्या पाण्याचे जे मानक सुधारून ठरविले, त्यात पाण्याच्या जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे; आणि पर्यायी स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्यास मुभा आहे. २०१९ साली घोषित झालेल्या जलजीवन मिशनने दर माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे वचन दिले. पाच माणसांच्या कुटुंबाला हे वचन पूर्णपणे मिळाले आणि पाणी ६०० च्या मर्यादेवरचे असले, तर वर्षाकाठी त्या घरात सुमारे एक लाख लिटर पाण्याबरोबर ६० किलो चुनखडीइतका जडपणा शिरतो. ६० किलो! शासनाने घरपोच पाणी दिले आणि त्याबरोबर दर महिन्याला पाच किलो चुनखडीही दिली, एवढाच याचा अर्थ. त्यातली सगळी घरात बसत नाही, बरीचशी मोरीतून वाहून जाते, हे खरे. पण जी बसते ती नेमकी तापणाऱ्या आणि पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर बसते.

साबणाचाही हिशेब असाच आहे. जड पाण्यातील एक ग्रॅम जडपणा सुमारे सहा ग्रॅम साबण खातो, त्याचा चिकट साका करतो, आणि मगच उरलेल्या साबणाला फेस येऊ देतो. पंधरा लिटरच्या एका बादलीत, ६०० च्या पाण्यात, सुमारे ५० ग्रॅम साबण कपड्याला लागण्याआधीच वाया जातो. तेच पाणी २०० चे असते तर ही नासाडी एक-तृतीयांशावर आली असती. धुण्याच्या पावडरीत या क्षारांना आवरणारी द्रव्ये घातलेली असतात, म्हणून तिथे साका दिसत नाही. पण पावडर मात्र अधिक टाकावी लागते. मराठवाड्यातून पोटासाठी मुंबईला गेलेली बाई पहिल्या दिवशी कपडे धुताना साबणाचा फेस पाहून चकित होते, ती उगीच नव्हे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांच्या तलावांत साठलेले पावसाचे पाणी मिळते. एकाच राज्यात, एकाच किमतीची साबणाची वडी एका बाईला पंधरा दिवस पुरते आणि दुसरीला आठ दिवसही पुरत नाही. या फरकाला कर म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? विधिमंडळाने मंजूर न केलेला, अंदाजपत्रकात कोठेही न दाखविलेला, पण घरोघर बिनचूक वसूल होणारा हा कर आहे. आणि सर्व अप्रत्यक्ष करांप्रमाणेच तो ज्याची मिळकत कमी त्याच्यावर अधिक भारी पडतो.

यावर शासकीय उत्तर ठरलेले आहे : पाणी मानकात बसते. आता हे मानक नीट वाचा. ६०० ची मुभा सरसकट नाही. 'पर्यायी स्रोत नसेल तर' अशी तिला अट आहे. अपवाद म्हणून लिहिलेली ही अट प्रत्यक्षात नियम होऊन बसली आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात आकडा ५९० आला की 'योग्य' असा शिक्का पडतो आणि फाइल बंद होते. पर्यायी स्रोत खरोखरच नव्हता काय, तो कोणी शोधला, कधी शोधला आणि सापडूनही तो दुसऱ्या कोणाला दिला गेला काय, हे विचारण्याची जबाबदारी कोणावरच नाही. आमचे भांडण आकड्याशी नाही. या न विचारलेल्या प्रश्नाशी आहे.

कारण पर्यायी स्रोत नसतो असे नाही. तो नाहीसा केला जातो. १९७२ च्या दुष्काळात खडक फोडणारी यंत्रे आपल्या गावोगाव आली, हापसे बसले आणि त्या पाण्याने माणसे जगली, याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु आपत्काळाचा उपाय पुढे नित्याचा व्यवहार झाला. तमिळनाडूतील तिरुचेंगोडेची बोअर पाडणारी यंत्रे मराठवाड्याच्या रस्त्यांवर ओळखीची झाली. धरणाचे आणि विहिरीचे वरचे पाणी उसाकडे गेले, कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, आणि पिण्याच्या पाण्याची बोअर दरवर्षी अधिक खोल जात राहिली. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालणारा भूजल कायदा विधिमंडळाने २००९ च्या नावाने केला. तो २०१४ साली अमलात आला. त्यामुळे किती यंत्रे थांबली, हे आपल्या तालुक्यात प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम दिला. पण अग्रक्रमाच्या यादीत पहिले असणे निराळे आणि धरणाच्या दरवाजाशी पहिले असणे निराळे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या वर्षी देशाने लातूरची तहान पाहिली. पण धरण आटल्यानंतर शहर महिनोन् महिने बोअर आणि टँकरवर कसे जगते, आणि त्या पाण्याने घरातील भांड्यांचे, यंत्रांचे व कपड्यांचे काय होते, हे पाहावयास छायाचित्रकार थांबले नव्हते.

ऊस खोल जातो म्हणून बोअर खोल जाते. बोअर खोल जाते म्हणून पाणी जड होते. पाणी जड होते म्हणून मजुराचा रॉड जळतो. ही साखळी समजावून सांगितली की मग गिझरच्या कॉइलचा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. पाण्याच्या वाटपात कोणाचे राज्य आहे, याचा तो पुरावा ठरतो.

बाजाराने या प्रश्नावर आपले उत्तर कधीच शोधून ठेवले आहे : प्रत्येकाने आपापले यंत्र घ्यावे. घरोघर आर. ओ. बसवा, ज्याला ते परवडत नाही त्याने जार विकत घ्यावा. रोज दहा रुपयांचा एक जार धरला, तरी वर्षाचे ३,६५० रुपये होतात. आणि तेवढ्याने केवळ पिण्याची सोय होते. आर. ओ.चे यंत्र तरी काय करते? घरगुती यंत्र एक लिटर पाणी देण्यासाठी साधारणपणे तीन लिटर पाणी गटारात सोडते. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या प्रदेशात ही नासाडी म्हणजे गुन्हाच होय. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, जेथे पाण्यातील एकूण विद्राव्य क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे अशा यंत्रांना मनाई करण्याचे निर्देश दिले होते, ते या नासाडीमुळेच. शिवाय हे यंत्र स्वयंपाकघरात पिण्यापुरते पाणी देते. रॉड, कूलर आणि धुलाई यंत्र यांच्या वाट्याला जुनेच जड पाणी येते. मग त्यांच्यासाठी बाजार दुसरे यंत्र पुढे करतो, पाणी मृदू करणारे. त्यात वारंवार मीठ घालावे लागते आणि त्याचे खारे पाणी पुन्हा त्याच जमिनीत मुरते. एका यंत्राचे दुखणे दुसऱ्या यंत्राने, दुसऱ्याचे तिसऱ्याने! आणि पहिले यंत्र क्षार चढून बंद पडले तर? हमीच्या कागदावर बारीक अक्षरांत अनेकदा लिहिलेले असते की पाण्याचा जडपणा अमुक मर्यादेपलीकडे असल्यास हमी लागू नाही. म्हणजे यंत्र विकताना गावात पाणी कसले आहे हे दुकानदार विचारत नाही. हमी नाकारताना मात्र कंपनी आधी पाणीच तपासते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जड पाणी म्हणजे विष, अशी आरोळी आपण ठोकू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या दृष्टीने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम शरीराला हवेच असतात. मुतखड्याची भीती दाखवून यंत्रे विकणे हा विक्रेत्यांचा धंदा आहे, चळवळीचा नव्हे. फ्लोराइड आणि नायट्रेट यांचे प्रश्न आरोग्याचे आहेत. ते अधिक तातडीचे आहेत आणि त्यांच्यासाठी निराळे लढावे लागेल. जडपणाचा प्रश्न मुख्यतः संसाराच्या खर्चाचा आहे. पण खर्चाचा प्रश्न हा दुय्यम प्रश्न, असे समाजवाद्याने म्हणू नये. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासह मुंबईतील स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या तेल, साखर आणि रॉकेलच्या भावांसाठी. स्वयंपाकघरातील हिशेब हे राजकारण आहे, हे त्या मोर्चांनी सिद्ध केले. ज्या नेत्या 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या गेल्या, त्यांच्या परंपरेत वाढलेल्या पक्षाने पाण्याचा विषय नळापर्यंत येऊन सोडून द्यावा काय?

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, हा प्रश्न तंत्रज्ञानाला न सुटणारा नाही. टॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने चुन्याच्या निवळीने पाण्यातील तात्पुरता जडपणा घालविण्याच्या पद्धतीचे एकस्व १८४१ साली घेतले. विचित्र वाटेल, पण चुन्यानेच चुना खाली बसतो. कायमच्या जडपणासाठी त्याला सोड्याची जोड द्यावी लागते आणि साचलेल्या गाळाची व्यवस्था करावी लागते. परंतु हे काम एका जलकेंद्रावर, एका जाणकार माणसाच्या देखरेखीखाली होऊ शकते. दूर नेदरलँड्सचे उदाहरण घ्या. तेथील अनेक जलकेंद्रांवर पाणी घरात जाण्यापूर्वीच मृदू केले जाते. हे कोणत्या खाजगी कंपनीच्या औदार्याने घडत नाही. तेथे पाणीपुरवठा संस्थांची मालकी नगरपालिका व प्रांत यांच्याकडे आहे, आणि ती खाजगी हातांत जाऊ नये असा कायदा त्या भांडवलशाही देशाने २००४ साली केला आहे. घरोघर लाख यंत्रे बसविण्यापेक्षा एका ठिकाणी पाणी सुधारणे स्वस्त पडते, हे त्यांना समजले. आपल्याला ते समजण्यास अडचण कसली?

'शासनाला परवडत नाही' हे उत्तर येईल. त्याला आपले उत्तर असे की खर्च टळत नाही, तो फक्त खिसा बदलतो. शासन जो खर्च एकदा आणि ठोक भावाने करू शकते, तोच खर्च लाखो कुटुंबे दरवर्षी आणि किरकोळ भावाने करीत आहेत : साबणात, गॅसमध्ये, जारमध्ये, जळलेल्या रॉडमध्ये. आणि या प्रत्येक खरेदीवर शासन पुन्हा वस्तू व सेवा करही घेते! पाणी वाईट असण्यातूनच जेथे महसूल मिळतो, तेथे पाणी सुधारण्याची घाई कोणाला असणार?

अर्थात प्रत्येक लहान गावाने चुन्याचे केंद्र चालवावे, असे आमचे म्हणणे नाही. वीजबिल थकले म्हणून बंद पडलेल्या प्रादेशिक योजना आपण पाहिलेल्या आहेत. आणखी एक बंद यंत्र उभे करण्यात अर्थ नाही. लहान गावासाठी उपाय साधे आहेत : जलाशयाचे पाणी आणि बोअरचे पाणी योग्य प्रमाणात मिसळणे, पाणवठ्याच्या विहिरीभोवती पुनर्भरण करणे, शाळा व समाजमंदिराच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठविणे, आणि पिण्याच्या स्रोताच्या परिसरात नवी खोल बोअर होऊ न देणे. मोठ्या गावांत आणि शहरांत, जेथे बोअरचे पाणी नळाला जोडले जाते तेथे, मृदूकरणाची सोय हा जलकेंद्राचा भाग असलाच पाहिजे. आणि ज्या गावाला आज जारशिवाय गत्यंतर नाही, तेथे शुद्धीकरण केंद्र ग्रामपंचायतीच्या मालकीचे हवे आणि त्यातून बाहेर पडणारे पाणी वापरात आले पाहिजे, गटारात नव्हे.

कार्यकर्त्यांसाठी पहिले काम याहूनही साधे आहे. जलजीवन मिशनखाली गावागावांत पाच स्त्रियांना पाणी तपासणीच्या पेटीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पेटीत जडपणाची चाचणीही असते. पुष्कळ गावांत ही पेटी कपाटात कुलूपबंद आहे. ती बाहेर काढा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावातील प्रत्येक स्रोताचा जडपणा मोजा, आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा : आमचे पाणी २०० च्या वर का? पर्यायी स्रोत नाही असे कोणी ठरविले? या दोन प्रश्नांना लेखी उत्तर मिळेपर्यंत ठराव मागे घेऊ नका. ज्या बाईला आजवर आपल्या वरणाबद्दल ओशाळे वाटत होते, तिच्याच हातात ही पेटी असू द्या. ती चाचणी करील तेव्हा तिला प्रथमच कळेल की दोष तिचा नव्हता. आणि ज्यांचा होता त्यांना ती तो ऐकवील.

महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. एकोणीसशे सत्तरच्या दशकात बाबा आढाव यांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम चालविली. या साऱ्या लढ्यांनी पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क मिळवून दिला, आणि तो हक्क अजून पुरता पदरात पडलेला नाही, हेही खरे. परंतु पाणवठा एक झाला, नळ घरात आला, आणि त्या नळातून एकाला सुफेन व दुसऱ्याला दुष्फेन पाणी येऊ लागले, तर विषमता संपली असे म्हणता येणार नाही. ती फक्त नळाच्या आत शिरली असे म्हणावे लागेल. तिला तेथूनही बाहेर काढणे हे आपले काम आहे.